मुख्य दार खालूनच कुजतंय, बदलावं लागेल का?

लगेच नाही. दाराची खालची कड बहुतेक वेळा रंगवलेलीच नसते. दिसत नाही ना! उभ्या फळ्यांची कापलेली टोकं तिथेच असतात आणि ती सपाट बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरू शकते.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खुपसून बघा. वरवरच मऊ लागलं तर खरवडा, पूर्ण सुकू द्या, इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचं, कडक होणारं भरण) भरा. सांध्यापर्यंत कुजलं असेल तर तेवढा भाग कापून नवं लाकूड जोडा. नुसती लांबी (पुट्टी) भरणं हा वेळकाढूपणा. मग दार बिजागऱ्यांवरून उतरवून वरची-खालची कड प्रायमर आणि रंगाने बंद करा. वर छज्जा नसेल तर रंग अधूनमधून पुन्हा द्यावा लागेलच.