विषय काढल्याने मुलं बिघडत नाहीत

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेने मानसिक आरोग्याचे तास ठेवलेत, त्यात आत्महत्या हा विषयही असणार असं पत्रक आलंय. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता गदारोळ, की ज्यांच्या ध्यानीमनी नाही त्यांच्या डोक्यात हे कशाला भरवायचं. मलाही थोडं पटतं. सही करू का? – एक आई, कराड

उत्तर : करा ताई, बिनधास्त करा. ही भीती जवळपास प्रत्येक ग्रुपवर असते, पण आत्महत्येबद्दल सरळ विचारलं म्हणून विचार येत नाहीत, हे यावर काम करणारे लोक कधीपासून सांगतायत. उलट ज्याच्या मनात आधीच काही चाललंय त्याला हुश्श होतं की चला, कोणीतरी विचारलं एकदाचं.

युरोपात १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११ हजारांहून जास्त मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं, काही ठिकाणी मुलांकडून फॉर्म भरून घेऊन तज्ज्ञांनी छाननी केली, आणि काही शाळांत थेट मुलांबरोबर काम केलं. म्हणजे चार आठवड्यांत मिळून पाच तास, त्यातले तीन तास चक्क नाटुकली. मित्राशी बिनसलंय, घरी भांडणं आहेत, कशातच मन लागत नाही, असे प्रसंग मुलांनीच उभे करायचे आणि आता काय करता येईल ते आपसात बोलायचं. वर्षभराने बघितलं तर ज्या शाळांत वर्गात फक्त पोस्टर लावली होती तिथे दीड टक्का मुलांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, आणि हे तास झालेल्या शाळांत पाऊण टक्क्याहूनही कमी. बाकीच्या दोन प्रकारांनी म्हणावा तसा फरक पडला नाही.

तेव्हा सही करताना शाळेला एवढं नक्की विचारा, की तास कोण घेणार, मुलांना बोलू देणार का, आणि नंतर एखादी मुलगी रडत आली तर तिने कोणाकडे जायचं. हॉलमध्ये पाचशे पोरं बसवून, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देऊन, दोन तास 'आयुष्य सुंदर आहे' ऐकवणार असतील तर तो कार्यक्रम नाही, तो फोटो सेशन आहे. आणि आणखी एक बघा, कुठल्या मुलाने काय केलं, कसं केलं याचे तपशील वर्गात नकोत, त्याने खरंच धोका वाढतो. तुमच्या ग्रुपवर तसल्या बातम्यांची कात्रणं फिरत असतील तर तीही थांबवा.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. हेडसरांनी मला 'समुपदेशक' म्हणून नेमलंय, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. गणिताचे तास, पेपर तपासणी, निवडणुकीची कामं सांभाळून हे कसं जमवायचं? – एक सर, बीड जिल्हा

उत्तर : सर, नाही जमत, आणि यात तुमची काही चूक नाही. गोव्याच्या संगत संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी शाळांमध्ये हेच तपासून पाहिलं होतं. तोच कार्यक्रम काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी चालवला आणि काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसाने, जो डॉक्टर नाही की मानसोपचारतज्ज्ञ नाही. परिपाठात विषय घ्यायचा, मनातलं लिहून टाकायला पेटी ठेवायची, भित्तिपत्रक काढायचं, कोणाला एकट्याने बोलायचं असेल तर बसायचं, अशी कामं. नेमलेला माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांची उदासी कमी झाली. शिक्षकांवर टाकलं तिथे जवळजवळ काहीच हललं नाही.

हेडसरांना हे दाखवाच, आणि जोडीला सुप्रीम कोर्टाचा जुलै २०२५ चा निकालही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर शिकलेला काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, आणि सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग, असं त्यात आहे. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच म्हणा, तो संस्थाचालकांनी आणि शिक्षण खात्याने सोडवायचा, तुम्ही नाही. तोवर तुमचं काम एवढंच, की एखादा पोरगा अचानक गप्प झाला, गैरहजर राहायला लागला, स्वतःच्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारायचं, ऐकायचं, एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी पुढे पोचवायचं.

प्रश्न : माझा मित्र म्हणाला की मला जगायचंच नाही. कोणाला सांगितलंस तर मैत्री संपली अशी शपथ घातलीय. काय करू? – दहावीतला मुलगा

उत्तर : शपथ मोड. आजच. तो चिडेल, दोन-चार दिवस बोलणार नाही, चालेल. जी मोठी व्यक्ती ऐकून आरडाओरडा करणार नाही असं तुला वाटतं तिच्याकडे जा, आई, मावशी, मराठीच्या मॅडम, कोणीही, आणि एवढंच म्हण, "माझा मित्र जीव देण्याबद्दल बोलतोय, मला भीती वाटतेय, तुम्ही माझ्याबरोबर चला." पहिल्याने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याकडे जा. तोवर त्याला एकट्याला सोडू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात, तूही करू शकतोस, तोच करायला हवा असं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर. आणि आत्ता या क्षणी धोका आहे असं वाटलं तर सरळ ११२ लाव. आणि हो, त्याला "असं बोलू नये रे" म्हणू नकोस, "कधीपासून असं वाटतंय?" विचार आणि ऐकून घे.