संग्रहाची घाई नको, आधी कथा छापून येऊ द्या

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कथा चांगल्या लिहिते. फेसबुकवर टाकते, पण नातेवाईक अंगठे देतात आणि वाचत कुणीच नाही. एक प्रकाशक चाळीस हजार रुपयांत संग्रह काढून द्यायला तयार आहे. काढावा का? वाचक मिळतील का?
– एक पालक, कराड

उत्तर : सप्रेम नमस्कार. चाळीस हजार देऊ नका. पैसे घेऊन छापणाऱ्याची कमाई तुमच्याकडूनच झालेली असते. पुढे पुस्तक खपलं काय नि न खपलं काय, त्याला सारखंच. गठ्ठे तुमच्या माळ्यावर.

नवख्या नावाचा संग्रह विकत घेणारे थोडेच. पण तीच कथा दिवाळी अंकात समोर आली, तर लोक वाचतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला ही सवय लागली आहे. कितीतरी वाचनालयं वर्गणी घेऊन दिवाळी अंक घरी वाचायला देतात, त्यामुळे एकेक अंक महिनोन्‌महिने हातोहात फिरतो. नव्या लेखकाला फुकटात याहून चांगली सोय मिळत नाही.

पाठवायच्या आधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक तिने वाचनालयातून आणून वाचावेत. विनोदी अंकाला गूढकथा पाठवणारे कमी नाहीत! कथा उन्हाळ्यातच पाठवावी. गणपतीपर्यंत अंकांची जुळणी बरीच पुढे गेलेली असते. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. आणि फेसबुकवर अख्खी कथा टाकणं आजच थांबवा, कारण बहुतेक संपादकांना अप्रकाशित कथा हवी असते. तिथे फार तर सुरुवातीचा एखादा परिच्छेद टाकावा.

कथेखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापायची आपल्याकडे पद्धत आहे. वाचक खरंच फोन करतात, वेळीअवेळीही. तिने ईमेल द्यावा, पण आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहावं. पुढची कथा आली की याच मंडळींना कळवायचं.

दुसरी वाट कथाकथनाची. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथा सांगून पुस्तकाला हात न लावणारी माणसंही गोळा केली. कॉलेजात, वाचनालयात पंधरा मिनिटांची एक कथा तिने वाचून दाखवावी. लोक कुठे चुळबुळतात ते आपोआप कळेल.

मानधनावर घर चालत नाही, तेव्हा बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. आणि सगळं लेखन एकाच नावाने करू द्या. लग्नानंतर आडनाव बदललं, तरी कथेवरचं बदलायचं नाही.