सुमेरचे हजारो वर्षं राज्य करणारे राजे खरंच होऊन गेले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमेर म्हणजे आजचा दक्षिण इराक. तिथल्या प्राचीन सुमेरियन राजांच्या यादीत एकेका राजाने २८,८०० वर्षं राज्य केल्याचं लिहिलंय. मग ती सगळीच दंतकथा समजायची का? त्यातला एखादा तरी राजा खरा होता, याचा जमिनीतून निघालेला पुरावा आहे का?

आहे. अलाबास्टरच्या एका फुटक्या भांड्याचा तुकडा आणि त्यावर कोरलेले मोजके शब्द: ‘मेबारागेसी, किशचा राजा’. यादीत हाच माणूस ‘एनमेबारागेसी’ म्हणून येतो आणि त्याच्या खात्यावर ९०० वर्षं मांडलेली आहेत. तुकड्यावरचं अक्षराचं वळण साधारण इ. स. पू. २६०० च्या आसपासचं. म्हणजे माणूस खरा, वर्षं अविश्वसनीय. स्वतःच्या नावाच्या कोरीव लेखातून ज्याची ओळख पटते, असा यादीतला हा सर्वांत जुना राजा. गेली काही वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचतोय, पण तो तुकडा पहिल्यांदा फोटोत पाहिला तेव्हा जे वाटलं, ते नंतर उरच्या थडग्यातल्या सोन्याच्या शिरस्त्राणाकडे बघतानाही वाटलं नाही.

आता त्या आकड्यांबद्दल. सुमेरियन लोक साठाच्या पटीत मोजत. ६० गुणिले ६० म्हणजे ३,६००, आणि या संख्येला त्यांच्याकडे ‘शार’ हे स्वतंत्र नाव होतं, जसा आपला लाख किंवा कोटी. पहिला राजा अलुलिम याची २८,८०० वर्षं म्हणजे बरोब्बर ८ शार. दुसरा अलालगार, त्याची ३६,००० म्हणजे १० शार. यादीत मध्येच एक महापूर येऊन सगळं वाहून नेतो. त्या महापुरापूर्वीच्या आठ राजांची बेरीज २,४१,२००, म्हणजे ६७ शार. ही वर्षं कोणी मोजलेली नाहीत. ‘अतिप्राचीन, अतिभव्य’ हे सांगायला लेखनिकांनी त्यांच्याकडचं एक मोठं माप वापरलं. पुढे इ. स. पू. तिसऱ्या शतकात बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुरोहिताने याच परंपरेवरून महापुरापूर्वीचा काळ १२० शार, म्हणजे ४,३२,००० वर्षं सांगितला. आपल्या कलियुगाचाही आकडा हाच आहे, हे पाहून मीही दचकलो होतो. पण नुसता आकडा जुळला म्हणून संबंध सिद्ध होत नाही, तेव्हा त्यावर इमले बांधू नका, अशी मनापासून विनंती.

यादीची सर्वांत पूर्ण प्रत ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. मातीच्या चौकोनी ठोकळ्याच्या चारही बाजूंनी दाटीवाटीने लिहिलेली, साधारण इ. स. पू. १८०० ची. पण तिच्याहून जुनी, उरच्या शुल्गी राजाच्या काळातली एक प्रतही मिळाली आहे, आणि ती थेट किशपासून सुरू होते. महापूर नाही, अलुलिम नाही. तो भाग मागाहून जोडला गेलाय.

मग यादी लिहिलीच कशाला? माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. यादीचं म्हणणं एकच: राजेपण आकाशातून उतरलं आणि एका वेळी एकाच शहरात राहिलं. एरिदू, मग दुसरं शहर, मग तिसरं. एक शहर पडलं की राजेपण पुढच्याकडे जायचं. प्रत्यक्षात किश, उरुक, उर, लगाश, उम्मा ही शहरं शेजारीशेजारी, एकाच वेळी नांदत होती आणि पाण्यावरून व जमिनीवरून भांडत होती. लगाशच्या जुन्या राजांचं तर यादीत नावच नाही, आणि आज सर्वाधिक लेख मिळतात ते त्यांचेच. नंतरच्या काळातल्या सबंध देशावर हक्क सांगणाऱ्या राजांना ‘सत्ता पहिल्यापासून एकाकडेच असते’ असा इतिहास हवा होता. त्यात लगाश बसत नव्हतं.

खरे राजे पाहायचे असतील, तर यादी मिटून या लगाशकडे या. तिथला उर-नान्शे, साधारण इ. स. पू. २५०० चा, दगडी फलकावर स्वतःला कसा दाखवतो, तर डोक्यावर विटांची टोपली घेतलेला. देवळाच्या पायाभरणीला राजा स्वतः विटा वाहतो, मागे मुलंबाळं रांगेत उभी. त्याचा नातू एआन्नातुम शेजारच्या उम्माला हरवतो आणि एक मोठा शिलाफलक उभारतो. तो आज तुकड्यांच्या रूपात लूव्रमध्ये आहे. ढालींची भिंत करून चाललेले सैनिक, त्यांच्या पायाखाली प्रेतं, वर गिधाडं माणसांची मुंडकी चोचीत धरून उडतायत, आणि दुसऱ्या बाजूला लगाशच्या निनगिरसू देवाने शत्रूंना जाळ्यात कोंबलंय. भांडण कशाचं? बांधाचं. गु-एदेना नावाचा सुपीक पट्टा, त्याची हद्द आणि त्याला लागणारं पाटाचं पाणी. आपल्या गावाकडे ज्यांनी बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या केसेस पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

राजासाठीचा सुमेरियन शब्द ‘लुगल’. लु म्हणजे माणूस, गल म्हणजे मोठा. राजवाडा म्हणजे ‘ए-गल’, थोरला वाडा. जोडीला ‘एन’ आणि ‘एन्सी’ ही पदंही होती. लगाशचे राज्यकर्ते बरेचदा स्वतःला एन्सी म्हणवत, म्हणजे शहर देवाचं आणि आपण त्याचे कारभारी.

उरच्या राजस्मशानाचा उल्लेख टाळून हे उत्तर पुरं होणार नाही. लिओनार्ड वुली या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९२२ ते १९३४ या काळात तिथे खोदलं. सुमारे दोन हजार थडगी, त्यांतली सोळा त्याने राजघराण्याची ठरवली. त्यातल्या एका स्त्रीचं नाव तिच्या लाजवर्दी (निळ्या मौल्यवान दगडाच्या) मुद्रेवरून कळतं: पुआबी, पदवी ‘निन’, म्हणजे राणी किंवा स्वामिनी. मुद्रेवर नवऱ्याचं नाव नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण तिच्यासोबतही नोकरचाकर, बैल, मोतद्दार पुरलेले होते. आपल्याकडे हे वाचलं की लगेच सतीची आठवण निघते, पण इथे नवऱ्यामागे बायको गेलेली नाही, धन्यामागे किंवा धनिणीमागे घरचा सगळा बारदाना गेलाय. तिच्या अंगावरचा लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. लाल अकीकाचे मणी सिंधू संस्कृतीच्या मुलखाकडून, म्हणजे ज्या व्यापारात गुजरातचा किनाराही होता, तिकडून आलेले.

ज्या खड्ड्याला वुलीने ‘मृत्यूचा महाखड्डा’ म्हटलं, त्यात ७४ माणसं होती, ६८ बायका. ओळीने, सजूनधजून. बऱ्याच जणींच्या केसांत सोन्याच्या किंवा चांदीच्या फिती. एकीची चांदीची फीत मात्र केसांत नव्हती. ती कमरेपाशी गुंडाळी करून ठेवलेली सापडली. वुलीला वाटलं, तिला यायला उशीर झाला असावा आणि फीत माळायची राहून गेली. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीची ती घाई मला अजून अस्वस्थ करते. वुलीचा समज होता की सगळे आपणहून विष प्याले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या दोन कवट्यांचं अलीकडे सीटी स्कॅन झालं, तेव्हा टोकदार हत्याराच्या घावांच्या खुणा दिसल्या. तेव्हा ‘आपणहून’ हा शब्द जपून वापरावा.

याच स्मशानातली ‘उरची पताका’ म्हणून ओळखली जाणारी पेटी मी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिली. जेमतेम अर्धा मीटर लांब. एका बाजूला युद्ध, भरीव चाकांचे गाडे प्रेतांवरून जातायत. दुसऱ्या बाजूला मेजवानी, खालच्या ओळींत बकऱ्या, मासे, ओझी वाहणारी माणसं. युद्धाच्या बाजूला राजा इतका उंच काढलाय की त्याचं डोकं वरची चौकट मोडून बाहेर आलंय.

ती ओझी वाहणारी माणसं कशी जगत, ते मातीच्या पाट्यांवरून कळतं. देवळाच्या आणि राणीच्या घरच्या कामकऱ्यांना महिन्याचा शिधा सातूच्या रूपात मिळे आणि त्याची नावनिशीवार नोंद होई. लगाशच्या पहिल्या राजघराण्याच्या काळातला शेवटचा राजा उरुकागिना (इ. स. पू. २३५० च्या सुमारास) अभिमानाने सांगतो की पूर्वी मयत पुरायला आणलं की अधिकारी ७ घडे बीअर आणि ४२० भाकऱ्या उकळायचे, ते मी ३ घडे आणि ८० भाकऱ्यांवर आणलं. मला हा सगळ्यांत विश्वासार्ह सुमेरियन लेखांपैकी एक वाटतो. इतक्या क्षुल्लक लुटीचा हिशोब दंतकथेत कोणी घालत नाही.

राहिला अलुलिम. त्याचं एरिदू शहर १९४० च्या दशकात इराकी पुरातत्त्वज्ञांनी खोदलं. देवळाखाली देऊळ, त्याखाली आणखी देऊळ असे थर उतरत गेले आणि तळाशी कच्च्या विटांची जेमतेम तीन मीटरची एक खोली लागली, आत नैवेद्याचा ओटा. काळ अलुलिमला शोभेल इतका जुना, पण त्याच्या नावाचं अक्षरही नाही. लिहिण्याची कला यायला अजून दीड-दोन हजार वर्षं होती. वरच्या थरांतल्या देवळांत मात्र माशांच्या हाडांचे थर सापडले. गोड्या पाण्याचा देव एन्कीला लोक मासे वाहत होते.