हत्तीचं मतदान आणि तंबोऱ्याच्या खुंट्या

साताऱ्याहून एका विद्यार्थ्याने विचारलंय: कॉलेजात साइटीसची, म्हणजे १९७३ च्या वन्यजीव व्यापार कराराची, अभिरूप बैठक आहे. विषय हस्तिदंत. बंदी हवी म्हणणारा केनिया एका टोकाला, विक्री हवी म्हणणारे बोत्स्वाना-झिम्बाब्वे दुसऱ्या. करारात दोन-तृतीयांश मतांची सोय आहे, तर मतदान घेऊन विषय मिटवायचा की! एकमताचा अट्टहास कशाला?

मिटत नाही, म्हणून. १९८९ साली लोझानला आफ्रिकी हत्ती पहिल्या परिशिष्टात गेला, व्यापार बंद झाला. हरलेल्या दक्षिण आफ्रिका खंडभागातल्या काही देशांनी लगेच हरकत राखून ठेवली. करारातच ती पळवाट आहे: ९० दिवसांत लेखी कळवलं की त्या प्राण्यापुरता निर्णय त्या देशाला बांधत नाही. मत जिंकलात, पण ज्याच्या रानात हत्ती आहेत तोच बाहेर बसला.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांची निर्यातीची कागदपत्रं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे मला हा करार हत्तीकडून नाही, खुंटीकडून कळला. २०१६ ला जोहान्सबर्गच्या बैठकीत डालबर्जिया या झाडांचं सगळं कुळ दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे दाखल्याने व्यापाराच्या यादीत गेलं, जानेवारी २०१७ पासून लागू. आपली शिसव त्यातच. आता आमचा तंबोरा मुख्यतः तुणीचा, भोपळा पंढरपूर भागातला. शिसव असते ती खुंट्यांना, कधी तारा टेकतात त्या घोडीला. तेवढ्यासाठी विक्रीच्या खेपेला दाखला आला. २०१८ ला जर्मनीला निघालेले चार तंबोरे अडकले. का, तर शिसवीचं वजन वेगळं लिहा. तयार वाद्याच्या तारा उतरवून खुंट्या कोण काढणार? तंबोरे घडवणाऱ्या चाचांनी त्याच मापाच्या सोळा नव्या खुंट्या फडक्यात बांधल्या आणि आम्ही त्या सराफाच्या काट्यावर तोलून आणल्या. किलोही भरला नाही. चाचा म्हणाले, "जंगल कापलं फर्निचरवाल्यांनी, आणि मोजदाद आमच्या खुंट्यांची?"

चाचांचं बरोबर होतं. पण यादी करणाऱ्यांचंही चुकलं नव्हतं. चिरलेली फळी बघून कस्टमवाल्याला जात ओळखता येत नाही. एक जात मोकळी सोडली की बाकीच्या तिच्या नावावर निघतात. म्हणूनच २०१९ ला जिनिव्हात भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश यांनी 'शिसम (शिसवीच्याच कुळातली जात) यादीतून काढा' म्हटलं तेव्हा ती मागणी पडली. त्याच बैठकीत तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग मात्र सुटले. दोन बैठकींच्या मधल्या काळात वाद्यवाले, लाकूडवाले आणि संरक्षणवाले एका टेबलावर बसले होते, हे त्यामागचं कारण.

शिसवीला संरक्षण हवं का, या प्रश्नावर दोन तट पडतात. फर्निचरच्या ओंडक्याला आणि तंबोऱ्याच्या खुंटीला एकच नियम हवा का, यावर पडत नाहीत. यादी जागेवर राहिली, तिच्याखालची टीप बदलली. ऊसदराच्या बैठका पाहिल्या असशील. दरावर रान पेटतं, तोडगा निघतो तो बहुधा 'पहिली उचल किती' यावर. २०२२ ला पनामात भारतही तेच शिकून गेला. शिसम काढा म्हणाला नाही, १० किलोपर्यंत दाखला नको ही सवलत नगानगाला मोजा एवढंच मागितलं, आणि ते मिळालं. (सरकारी आकड्यानुसार तोवर हजार कोटींची निर्यात ५०० ते ६०० कोटींवर आली होती.)

हस्तिदंतात अडचण ही की ओंडका आणि खुंटी असे दोन भाग पडत नाहीत. कोरलेला काय, कच्चा काय, दात तोच. तरी २००७ ला हेगमध्ये आफ्रिकी देशांनी जमवलं होतं. केनिया-मालीला २० वर्षं विक्रीला विराम हवा होता, दक्षिणेला विक्री. ठरलं असं: जुन्या साठ्याची एकदाच विक्री, पैसा फक्त हत्ती आणि शेजारच्या गावांसाठी, मग ९ वर्षं विकणाऱ्या चार देशांसाठी (बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे) नवा प्रस्ताव नाही. २००८ ला सुमारे १०० टन माल चीन-जपानला गेला. त्या विक्रीने शिकार वाढली का, यावर अजून हाणामारी आहे. मला खटकतं ते वेगळं. पुढचा निर्णय कुठल्या पद्धतीने घ्यायचा हे त्या मुदतीत ठरवायचं होतं, ते २०१६ ला सोडूनच दिलं. मुदत घेतली, आणि मधलं काम कुणी केलंच नाही.

तेव्हा तुझ्या बैठकीत 'व्यापार हो की नाही' हे पहिल्या तासाला काढूच नकोस. साठ्याच्या राखणीचा खर्च कुणाचा, इथून सुरू कर. मग पिकात घुसलेल्या हत्तीची भरपाई. बोत्स्वानात लाखावर हत्ती आहेत. चांदोलीच्या कडेला गव्याने ऊस तुडवलेल्या माणसाला विचार, बोत्स्वानाचा शेतकरी काय बोलेल ते तो तुला न अडखळता सांगेल.

आणि भारताची खुर्ची तुझ्याकडे आली तर जपून. आपण देशात हस्तिदंताचा व्यापार बंद केलाय, १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी. पण पनामात, शिसमची सवलत घेतली त्याच बैठकीत, विक्रीच्या झिम्बाब्वेच्या प्रस्तावावर भारत तटस्थ बसला. झिम्बाब्वेच्या खुर्चीवरचा पोरगा हुशार असेल तर उठून विचारेल, "तुमच्या लाकडाला सवलत चालते, आमच्या दाताला का नाही?" त्याचं उत्तर घरूनच लिहून ने.