सशाच्या लेंड्या मऊ आणि चिकट पडतायत, गवत खात नाही. पोटाचं कोणतं औषध द्यावं?

औषध नको. आधी गाजर, पोळी आणि हरभरे बंद करा.

तुम्ही लिहिलंय की ससा वर्षाचा आहे, हेच सगळं आवडीने खातो, गवताला तोंड लावत नाही आणि सकाळी पिंजऱ्यात काळपट, वासाचे, द्राक्षाच्या घोसासारखे गोळे चिकटलेले असतात. ते जुलाब नाहीत. कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या आणि हे वेगळे. सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणूंनी आंबवलेला हा माल ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो, त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. एरवी ते आपल्या नजरेलाही पडत नाहीत. पिठूळ आणि गोड खाणं वाढलं की ते सैल होतात, ससा ते खायचं सोडतो आणि तसेच पडून राहतात.

हे मी ठासून सांगतेय, कारण याच गाजर-पोळीपायी आमची भुरी जाता जाता वाचली. मी माहेरी गेले होते. जाताना वाळलेल्या मारवेल गवताचा भारा बांधून ठेवला होता, काय घालायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. आमच्या चुलत सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, ते कधीच पटलं नाही. "गवत गुरांना घालतात, सशाला गाजर लागतं. आमच्या वाड्यात ससे पोळीवर वाढले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नसताना भुरीला हरभरे, बिस्किटं, गाजरं असा पाहुणचार झाला. मी परत आले तेव्हा ती कोपऱ्यात पाठ कुबड काढून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. ट्रेमध्ये एक लेंडी नाही. "झोपलीय गं, राहू दे," असं मला सांगण्यात आलं. ससा दुखणं लपवतो. तो असा बसलेला दिसला की दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

मामंजींनी घरातलं उरलेलं मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलीनचं सिरप आणून पुढे ठेवलं. मी ते हातातून काढून घेतलं, त्यावरून जे बोलणं झालं ते आजही घरात निघतं. अ‍ॅमॉक्सिसिलीनसारखी पेनिसिलीनच्या जातीची आणि क्लिंडामायसिनसारखी औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने ससा दगावतो. माणसाच्या बाळाला चालतं ते सशाला चालेलच असं नाही.

साताऱ्याहून रात्रीच पुण्याला निघालो, कारण आमच्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे डॉक्टर आहेत, सशांवर हात बसलेले नव्हते. तिथे आधी एक्स-रे काढला. आतड्याची हालचाल थांबली होती, गॅस भरला होता, अडथळा मात्र नव्हता. हे बघणं फार महत्त्वाचं, कारण अडथळा असताना बळेच भरवणं जिवावर बेततं. मग कातडीखाली सलाइन, दुखणं थांबवायला मेलॉक्सिकॅम, आतडी चालवायचं औषध आणि सिरिंजने पातळ खाणं. दुसऱ्या दिवशी बारीकशा चार लेंड्या पडल्या, तेव्हा मी रडले.

मामंजींच्या वाड्यातले ससे पोळीवर वाढले हे खरं. पण ते वर्ष-दीड वर्षात "अचानक" जायचे, हेही तेच सांगतात. नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो. त्या सशांचं आयुष्यच तेवढं असतं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. माझी भुरी आता सात वर्षांची आहे.

तर गवत. रोज सशाच्या अंगाएवढा ढीग, चोवीस तास समोर. विकतचं टिमोथी गवत परवडत नसेल तर फवारणी न झालेलं मारवेल किंवा हरळी सावलीत वाळवा. चारा बाजारातला लसूणघास मोठ्या सशाला रोज घालू नका. त्यात कॅल्शियम भरपूर, ससा जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो आणि मूत्राशयात खडूसारखा गाळ साचतो. वाढत्या पिल्लांना तो चालतो. पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, दिवसाला सशाच्या वजनाच्या किलोमागे २५ ग्रॅमच्या आसपास, पुष्कळ झाले. वर कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. गाजर म्हणजे सशाची मिठाई, आठवड्यातून एखादी चकती. बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा. हट्ट मोडायचा म्हणून उपाशी मात्र ठेवू नका, उपासानेही आतडी थांबतात.

आता राहिलेलं. पाण्यासारखं पातळ होत असेल, विशेषतः पिल्लाला, तर हे सगळं सोडून तडक डॉक्टर गाठा. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या बंद असतील तरी तेच, रात्र असली तरी. फार लठ्ठ सशाचं तोंड मागे पोहोचत नाही, म्हणूनही ते गोळे पडून राहतात. आणि गवत न खाणं हा दरवेळी हट्टच असतो असं नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चघळूनच झिजतात. पोळीवर राहिलेल्या सशाच्या दाढांना टोकं येऊन जीभ-गाल कापले जातात, मग गवत चावताना दुखतं. त्यामुळे तुमच्या सशाच्या दाढा एकदा बघून घ्याच. त्यासाठी तोंडात उपकरण घालावं लागतं. नुसते पुढचे दात बघून कोणी ठीक आहे म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.