फ्रीझर कार्ट्रिज म्हणजे निव्वळ चोरीचं हत्यार होतं का?

तुम्ही विचारलंय की काकांच्या माळ्यावर कमोडोर 64 हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर सापडला, त्यासोबत दोन बटणांचं ॲक्शन रीप्ले कार्ट्रिज, म्हणजे चालू गेम आहे तिथे गोठवून डिस्कवर उतरवणारा 'फ्रीझर'. ते कुठल्याही गेमची कॉपी कशी काय करायचं, ते चोरांसाठीच होतं का, आणि आज चालेल का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मला 1988 पासून द्यायचंय. नाही.

बाबा एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टर. दर सहा महिन्यांनी नवीन हॉस्पिटल, नवीन क्वार्टर. त्या वर्षी आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनला होतो. मी तेरा वर्षांचा, दादा अठराचा. कमोडोर दोघांत एक, त्याचा 1541 हा फ्लॉपी ड्राइव्हही एकच. भल्या पहाटे थंडीत कुडकुडत घरोघरी पेपर टाकून मी पंधरा पौंड जमवले आणि एक गेम आणला. दुकानातून, पावती घेऊन. ही पावती महत्त्वाची आहे, पुढे येईल.

डिस्क घातली की ड्राइव्हमधून आवाज यायचा: खर्रर्र, खट-खट-खट-खट. शेजारच्या खोलीतून आई विचारायची, "काय रे फोडतोयस?" झालं असं होतं की गेमच्या कंपनीने डिस्कवर मुद्दाम एक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक तुकडा, नासवून ठेवला होता. साध्या कॉपीत तो नासका भाग उतरत नाही, म्हणजे डिस्क अस्सल की नक्कल ते कळतं. पण 1541 ला वाचताना चूक सापडली की तो बिचारा डिस्क वाचणारं हेड पार मागे नेऊन अडसरावर आपटतो आणि तिथून पुन्हा मोजायला लागतो. दर वेळी गेम लावला की ही धडकाधडकी. त्या ड्राइव्हमध्ये मोटरच्या दांड्यावरची कप्पी आपटून आपटून हळूहळू सरकते आणि हेडचं अलाइनमेंट जातं, म्हणजे ते नेमक्या जागी बसत नाही. हे तेव्हा कमोडोरवाल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आमच्या घरात दादाला सोडून.

मी सेकंडहँड ॲक्शन रीप्ले घेतलं ते या आवाजाला कंटाळून. गेम एकदा शेवटचा आपटत लोड केला, पहिली पाटी आली की बटण दाबलं, कोऱ्या डिस्कवर सेव्ह केला. ती प्रत लावली तर ड्राइव्ह नुसता गुरगुरला, खटखट नाही. पण तोवर उशीर झाला होता. आठवड्याभरात दादाच्या फिजिक्सच्या प्रोजेक्टची डिस्क वाचता येईना. जुन्या सगळ्याच डिस्का अडकायला लागल्या, नव्या लिहिलेल्या मात्र व्यवस्थित चालत होत्या. याचा सरळ अर्थ हेड सरकलंय. दादाने काढलेला अर्थ: "हा चोऱ्या करतो, त्या डब्याने ड्राइव्ह घालवला." बाबा रात्रपाळीहून आलेले. त्यांनी पावती बघितली नाही, काही विचारलं नाही, कार्ट्रिज उचललं आणि स्वतःच्या बॅगेत टाकलं. ते मला परत मिळालं दोन बदल्यांनंतर.

आता ते चालतं कसं. कार्ट्रिज मागच्या एक्स्पान्शन पोर्टात बसतं, म्हणजे प्रोसेसरच्या तारा थेट त्याच्या हातात. बटण दाबलं की ते इंटरप्ट, म्हणजे 'थांब' असा इशारा, देतं आणि त्याच क्षणी मशीनच्या रॉमच्या (कायमच्या कोरलेल्या प्रोग्रॅमच्या) जागी आपला रॉम पुढे करतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून कार्ट्रिजचं ऐकायला लागतो. पाचव्या-सहाव्या आवृत्तीत 32 केबी रॉम आणि स्वतःची 8 केबी रॅम होती, त्यामुळे गेमच्या मेमरीला फारसा धक्का न लावता ते सगळी माहिती टिपून घ्यायचं. मग मशीनची सगळी 64 केबी मेमरी दाबून-चेपून डिस्कवर. लोड होतानाची तपासणी कितीही कडक असो, ती संपल्यावरच तुम्ही बटण दाबता. वेशीवर झडती आणि गावात मोकाट, असा तो कारभार. मॅन्युअलमधल्या अमुक पानावरचा तमुक शब्द विचारणारे गेमसुद्धा उत्तर देऊन झाल्यावर गोठवायचे, कटकट संपली.

"कुठल्याही गेमची" मात्र नाही. दर लेव्हलला डिस्कवरून पुढचा भाग ओढणारे गेम अर्धेच गोठायचे. काही जण इंटरप्टची लाइन आधीच अडकवून ठेवायचे, की बटण दाबा नाहीतर डोकं आपटा. आणि सिड या आवाजाच्या चिपच्या बहुतेक रजिस्टरमध्ये (आतल्या कप्प्यांमध्ये) फक्त लिहिता येतं, वाचता येत नाही. त्यामुळे आवाज कुठे होता हे कार्ट्रिजला कळायचंच नाही. गेम पुन्हा सुरू केला की कधीकधी संगीत बेसूर लागायचं.

कायद्याचं म्हणाल तर 1988 मध्येच हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ॲमस्ट्रॅड कंपनीच्या डबल कॅसेट डेकच्या खटल्यात सांगितलं की कॉपी करता येईल असं यंत्र विकणं म्हणजे कॉपी करायची परवानगी देणं नव्हे. त्याच वर्षी नवा कॉपीराइट कायदा आला, आणि कार्ट्रिजच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरात इशारा छापून यायला लागला. आपल्याकडे भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये प्रोग्रॅमच्या बॅकअपची मुभा आहेच.

दादा पुढे पुण्याला परतला. डीटीपीचा धंदा, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. देवनागरीचं पॅकेज रीतसर विकत घेतलेलं, त्याच्यासोबत प्रिंटर पोर्टला लावायचा हार्डवेअर लॉक, तो लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही. 2011 मध्ये त्याचा जुना पीसी गेला. नव्याला प्रिंटर पोर्टच नाही. तापकीर गल्लीतून कार्ड आणून बसवलं, तर कार्ड आपला पत्ता वेगळा सांगतं आणि पॅकेज लॉक शोधतंय जुन्याच पत्त्यावर. कंपनी म्हणाली, नवी आवृत्ती घ्या, पूर्ण पैसे भरा. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या, आधीचे, त्यामुळे पंधरा वर्षांच्या फाइली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला. रात्री साडेअकराला त्याचा फोन: "काय रे, तुझ्या त्या डब्यासारखं याला काही मिळत नाही का?"

मी म्हटलं, "दादा, तो चोरांचा डबा."

शेवटी भंगारवाल्याकडून एक जुना पेंटियम मिळाला, तो आजही त्याच्या टेबलाखाली आहे. ड्राइव्ह कुणी घालवला यावर मात्र तो अजूनही "जाऊ दे रे ते" एवढंच म्हणतो. इथे मुद्दाम लिहितोय, तो हे वाचतो.

खरं सांगायचं तर वर्गातल्या चौघांना मी त्या गेमच्या प्रती दिल्या होत्या, प्रत्येकी पन्नास पेन्स घेऊन. तेव्हा दादाचं अगदीच काही चुकत नव्हतं. पण ड्राइव्ह मी घालवला नाही.

तुमच्याकडचं कार्ट्रिज बहुधा चालेल. कडेचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि मशीन चालू असताना ते कधीही घालू-काढू नका. त्याहून मोठी गोष्ट राहिलीच, खरं तर ती आधी सांगायला हवी होती: सोबत जुना जड अ‍ॅडॉप्टर असेल तर तो लावू नका. म्हातारपणी त्याचे पाच व्होल्ट चढत जातात आणि रॅमच्या चिपा जळतात. आधी नवा पुरवठा मिळवा. बटणं नंतर दाबा.