वाचकांचे प्रश्न : सातबारा वडिलांचा, शेती मुलाची

प्रश्न : वय 27. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो. साडेचार एकर जिरायत आहे, सगळी वडिलांच्या नावावर. सेतूवाले म्हणतात, आधी नाव चढवून आणा, मग योजनांचं बघू. काय करू?
— एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : वडील हयात आहेत आणि राजी आहेत, तर नाव चढवायची घाई करू नका. ठिबक, अवजारं, शेततळं या योजना सातबारा बघतात, राबतंय कोण ते बघत नाहीत. अर्ज वडिलांच्या नावानं भरा, धावपळ तुम्ही करा.

पहिलं काम शेतकरी ओळख क्रमांकाचं. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांना तो सक्तीचा आहे. वडिलांचं आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि 8-अ (खातेउतारा) घेऊन त्यांनाच केंद्रावर न्या. दोन चुका इथं हमखास होतात. एकच गट जोडला जातो आणि शेजारच्या गावातला तुकडा राहून जातो. मग ते क्षेत्र योजनांत दिसत नाही. दुसरी, आधारवर ‘विठ्ठलराव’ आणि सातबाऱ्यावर ‘विठ्ठल’. सातबाऱ्यातली नोंद लिहिताना चुकली असेल, तर महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा. आधार चुकलं असेल तर आधार दुरुस्त करा, ते लवकर होतं.

स्वतःच्या नावावर पीककर्ज हवं असेल तेव्हा मात्र वाटणीचा विचार करा. त्याच अधिनियमाच्या कलम 85 खाली सर्वांच्या संमतीनं तहसीलदार वाटपाचा आदेश देतात. सर्वांच्या म्हणजे बहिणींच्याही. वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि त्यांना वगळून केलेलं वाटप पुढं कोर्टात जातं. आदेशानंतर तलाठ्याकडे फेरफार, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. कोणाच्याही वाट्याला जिरायत 20 गुंठ्यांपेक्षा किंवा बागायत 10 गुंठ्यांपेक्षा कमी येऊ देऊ नका, नाहीतर प्रकरण तुकडेबंदी कायद्यात अडकतं.

पीएम-किसानचे 6000 तुम्हालाही वेगळे मिळावेत म्हणून वाटणी करत असाल, तर थांबा. त्या योजनेत जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी नावावर असावी लागते. त्यानंतर नाव चढलं असेल, तर फक्त मृत्यूनंतरच्या वारसाहक्काला सूट आहे. वडील हयात असताना झालेली वाटणी त्यात बसत नाही. नमो शेतकरी योजनेची यादीही पीएम-किसानवरच चालते.

प्रश्न : मोसंबीला ठिबक बसवून घेतलं, उन्हाळा तोंडावर होता. आता अनुदानाचा अर्ज भरला तर चालेल का?
— अंबड, जि. जालना

उत्तर : त्या संचावर नाही. कृषी विभागाच्या पूर्वसंमतीच्या आधीचं बिल ग्राह्य धरत नाहीत, आणि तारीख बदलून बिल देतो म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नका.

उरलेल्या क्षेत्रासाठी क्रम असा ठेवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवडीचा संदेश, मग सातबारा, 8-अ आणि नोंदणीकृत विक्रेत्याचं कोटेशन अपलोड, मग पूर्वसंमती. खरेदी त्यानंतर, पत्रातल्या मुदतीत. बिल चढवलं की कृषी सहायक (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी) मोक्यावर येऊन तपासणी करतात. अर्जाआधी विहीर किंवा बोअर सातबाऱ्यावर चढलेली आहे का ते पाहा. मराठवाड्यात बऱ्याच बोअरची नोंदच नसते, आणि अर्ज त्रुटीत निघतो तो बहुधा इथंच. खातं सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्रही लागतं.

2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्राचे 55 आणि राज्याचे पूरक 25 असे 80 टक्के, बाकीच्यांना 75. पण हे टक्के दुकानाच्या बिलावर नसतात, शासनानं लागवडीच्या अंतरानुसार ठरवलेल्या खर्चावर असतात. मोसंबीसारख्या लांब अंतराच्या बागेत हा खर्च कमीच धरलेला असतो. त्यामुळं 80 ऐकून खिशातले 20 तयार ठेवणारा फसतो. शिवाय आधी संपूर्ण पैसे तुम्ही भरायचे, अनुदान मागून आधारशी जोडलेल्या खात्यात येणार, आणि कधी येईल ते निधीवर. त्या भरवशावर सावकाराकडून उचल घेऊ नका. अनुदान हे भांडवल नव्हे, असं धरूनच नव्या माणसानं हिशेब मांडावा.

प्रश्न : स्वतःची जमीन नाही. पाच एकर बटईनं केली आहे, सोयाबीन आहे. विमा, कर्ज मिळेल का?
— औसा, जि. लातूर

उत्तर : तोंडी बटईवर जवळजवळ काहीच नाही. विम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक तो करून द्यायला कचरतात, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही जुनी धास्ती. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. सोयाबीनला आता विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के हप्ता आहे.

करार नसेल तर निदान मालकाशी आधीच ठरवा : विमा त्याच्या नावानं, हप्ता कोण भरणार, भरपाई आली तर वाटा किती. कागदावर लिहा, दोन साक्षीदार घ्या. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, मालकाच्या गटावर वेळेत करून घ्या. ती नसेल तर विमाही अडतो आणि हमीभाव केंद्रावर मालही. तिथले पैसेही सातबारावाल्याच्याच खात्यात जातात, हे लक्षात असू द्या. कर्जासाठी गावातल्या चार-पाच बटईदारांचा संयुक्त देयता गट (एकमेकांच्या कर्जाला सगळे जबाबदार) करून बँकेत विचारा.

प्रश्न : आमच्या घराण्यात कोणाचीच शेती नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ दोन एकर विकत घेता येईल का?

उत्तर : थेट नाही. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला परवानगी लागते. ‘शेतकरी दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला इसार देऊ नका. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार पुढं रद्द होऊ शकतो.

परवानगी मिळाली तरी सातबाऱ्यावरची भूधारणा पद्धती आधी वाचा. ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री होत नाही. निजामकाळच्या इनाम जमिनी आपल्याकडं फार. त्यातली खिदमतमाश, म्हणजे देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन, असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. जुन्या फेरफारांच्या आणि खासरा पत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या) नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा, आणि दुय्यम निबंधकाकडून 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतल्याशिवाय इसार देऊ नका.